सरकारांचे तीन पंप

काय हो, हवा भरायचा पंप चालू न करता तो कामाचा आहे की बिनकामाचा, हे तुम्हाला सांगता येईल का? नाही ना? मग बिचाऱ्या हणमंताला तरी कसं यावं!

हणमंता तांबेवाडीच्या सरकारांचा ड्रायव्हर. सरकारांचं राज्य केव्हाच गेलं होतं. उरला होता तो हट्ट, आणि एक गाडी. गाडी कसली, आगगाडीचा डबाच! पुढचा दिवा वेशीत पोचला, तरी मागचं चाक बंगल्याच्या फाटकातच.

तेच मागचं चाक परवा घाटात बसलं. स्टेपनीतही हवा नव्हती. शेवटी सरकार उसाच्या ट्रॉलीतून लग्नाला पोचले. डोक्यावर जरीचा फेटा आणि बुडाखाली ऊस! सगळा मांडव हसला.

सरकारांनी लगेच तालुक्याहून तीन पंप मागवले. स्टिअरिंगशेजारच्या सॉकेटवर चालणारे, गाडीत घेऊन फिरता येणारे. दुकानदाराचा निरोप आला, "एक ठेवा, दोन परत पाठवा. पण एकदा चालू केलेला पंप परत घेणार नाही."

"हणमंता," सरकार गरजले, "यातला एक निवड. चालू करायचा नाही. चुकलास, तर पुन्हा गाडीला हात लावायचा नाही!"

हणमंताला दरदरून घाम फुटला. त्याची बायको अनसूया अंगणातल्या विहिरीवर पाणी शेंदत होती. नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिने घागर खाली ठेवली आणि पदराला हात पुसत ती पुढे आली.

"सरकार, यांच्याऐवजी मी निवडू?"

"तू? तुला गाडीतलं काय कळतं गं?"

"काही नाही! म्हणून तर सरकारांची मदत लागेल. पुढं बसायचं आणि ही पिन नुसती सॉकेटाजवळ धरायची. आत नाही घालायची हं!"

"मी पिन धरू?" सरकारांनी डोळे वटारले. पण गंमत बघायला म्हणून बसले.

अनसूयेने आधी सरकारांच्या आवडीचा पंप उचलला. सर्वांत मोठा, रुबाबदार. वायर उलगडत, नळी ताणत ती मागे निघाली. मधल्या दारापाशीच नळी संपली!

"अगं, पण त्याची ताकद बघ!" सरकार आतून ओरडले.

"बघते हं," म्हणत तिने चकचकीत लाल पंप घेतला. तोही मागच्या चाकाच्या हातभर अलीकडेच अडला.

तिसरा पंप साधा, करड्या रंगाचा. सरकारांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याची वायर उलगडता संपेना! नळी मागच्या चाकाला टेकली आणि वर वीतभर उरलीसुद्धा.

"हा ठेवा, सरकार!"

"आणि माझा मोठा पंप? एवढी ताकद वाया घालवू?"

"सरकार, विहीर काठोकाठ भरलेली असो, दोर आखूड असला तर घागर कोरडीच वर येते. पुन्हा घाटात मागचंच चाक बसलं, तर तुमचा मोठा पंप पुढच्या चाकाला हवा भरेल, आणि तुम्ही परत उसावर!"

सरकार असे खदखदून हसले, की फेटा सुटून मांडीवर आला.

"हणमंता, गाडी तुझीच रे बाबा! आणि अनसूये, तू माग, काय हवं ते."

"माहेरी जाऊन दोन वर्षं झाली, सरकार."

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंताने करड्या पंपाने चारही चाकांत आणि स्टेपनीत हवा भरली, आणि अनसूया सरकारांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून माहेरी गेली.