धुरळ्याचं घाटवळण

पडद्यावर गाड्या नुकत्याच पळू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शर्यतीच्या व्हिडिओ गेम्सचा दरवर्षी मोठा मेळा भरायचा आणि सगळ्यात सरस खेळाला मानाची ढाल मिळायची. परीक्षक एकच, चक्रधरअण्णा नावाचं जुनंजाणतं स्टिअरिंग. धुरळा नावाच्या खेळाला ढाल कधीच मिळाली नव्हती. यंदाही हुकली, तर त्याची रवानगी थेट अडगळीत होणार होती.

शेजारचा सोनरथ नावाचा खेळ त्याच्या कानाशी लागला. "धुरळोबा, तुझं ते घाटातलं वळण जरा सोपं कर की! गिऱ्हाइकाला नाराज करून कोणाचं दुकान चाललंय? मी अण्णांना पहिल्याच फेरीत जिंकवलं. कसे खुशीत उठले, पाहिलंस ना?"

धुरळ्याला अडगळ आठवली. पण ते वळण काढलं तर आपल्यात उरतं काय, असं त्याला वाटलं आणि त्याने ते होतं तसंच ठेवलं.

अण्णा खेळायला बसले आणि त्या वळणावर थेट दरीत गेले.

"मला पाडतोस काय रे गुलामा?" अण्णा गरजले. "लाव परत!"

पुन्हा दरी, पुन्हा "लाव!" जेवणाची घंटा झाली तरी अण्णा हलेनात. शेवटी गाडी वळणातून सुसाट बाहेर पडली, तसे अण्णा आनंदाने गरागरा फिरले आणि टाळ्यांनी मंडप दणाणला. ढाल धुरळ्याच्या माथ्यावर चढली.

"पण अण्णा, मी तर तुम्हाला लगेच जिंकवलं होतं!" सोनरथ कळवळला.

"हो ना बाबा, म्हणून तर मी लगेच उठलो," अण्णा हसले. "ए धुरळ्या, मिरवून झालं असेल तर लाव परत!"