पूजेतला रंधा

एकदा एका सुतारशाळेचा मालक संध्याकाळी आपल्या वृद्ध गुरूंकडे आला, तो तोंड पाडूनच. "काय रे, सणाचा दिवस आणि असा चेहरा?" गुरुजींनी विचारले.

हकीकत अशी होती. मालकाकडे केरबा नावाचा तिशीतला माणूस यंदाच कामाला लागला होता. बोलणे अगदी कमी. गलबला त्याला सोसत नसे आणि रोजचा क्रम मोडला की तो कासावीस होई. पाटांना रंधा मारायचे काम मात्र मन लावून करी. म्हातारी आई, तानूबाई, त्याला रोज दारापर्यंत सोडायला येई. "माझ्यामागं याचं कसं व्हायचं?" हा तिला एकच घोर. काम मिळाले त्या दिवशी बिचारी आनंदाने रडली होती.

आज खंडेनवमी. सगळी हत्यारे पुसून, हळदकुंकू लावून देवापुढे मांडलेली. या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हे सुताराच्या पोराला कुणी शिकवावे लागत नाही. केरबा नेहमीसारखा येऊन आपल्या जागी बसला. रंधा नाही! शोधत शोधत तो देवापर्यंत गेला आणि त्याने पूजेतून रंधा ओढून घेतला. कलश लवंडला, समई विझली. कारागीर खवळले. अपशकुन झाला, आता हा माणूस इथे नको, म्हणू लागले. केरबा कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसून राहिला.

"मी दया म्हणून ठेवलं त्याला, गुरुजी. आता घरी बसवावं म्हणतो."

"आधी हातपाय धू. मग बोलू."

शिष्याने चष्मा ओट्यावर ठेवला व तो न्हाणीत गेला. परत येऊन पाहतो तो चष्मा गायब. चष्म्यावाचून त्याला हातभरापलीकडचे धड दिसत नसे. "गुरुजी, माझा चष्मा पाहिलात?" गुरुजी पोथी चाळत राहिले. तो चाचपडत, चरफडत देवघरापर्यंत गेला. पाय लागून तांब्या कलंडला, पाणीच पाणी झाले. चष्मा देवापुढे होता, काचांवर हळदकुंकू लावलेला.

"हे काय, गुरुजी?"

"त्याच्यामुळे तुला दिसतं. म्हटलं, आज त्याचीही पूजा करावी."

"अहो, पण निदान मला सांगायचं तरी!"

गुरुजींनी त्याला जवळ बसवले. मग हळू आवाजात म्हणाले, "केरबाला कुणी सांगितलं होतं, बाळ? तुम्हाला हा सण लहानपणापासून ठाऊक. त्याला आज सकाळी फक्त रिकामी जागा दिसली. त्या रंध्याच्या आधारानं त्याचा दिवस उभा असतो. आत्ता तू चिडलास, पाणी सांडलंस. तुला मी अपशकुनी म्हटलं का? दया कसली करतोस त्याच्यावर? त्याला आधी सांगणारं माणूस हवं होतं, एवढंच."

शिष्य मान खाली घालून चष्मा पुसत राहिला. मग उठला आणि थेट केरबाच्या घरी गेला.

तानूबाईने दार उघडले. मालकाला पाहताच ती म्हणाली, "कळलं मला, मालक. उद्यापासून नाही आणत त्याला."

मालक आत जाऊन केरबाशेजारी जमिनीवर बसला. "केरबा, चुकलं माझं. उद्या दसरा, काम बंद. परवा सकाळी उघडू. कारागिरांशी मी बोलतो. रंधा तुझ्या जागेवर असेल. आणि पुढं काही बदलायचं झालं, तर आधी तुला येऊन सांगेन."

केरबाने वर पाहिले नाही. तसाच म्हणाला, "परवा."

"हो, परवा."

"रंधा जागेवर."

"जागेवर."

तानूबाईने पदराने डोळे टिपले. "बसा मालक, चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली.

आपल्या दुकानात, कचेरीत असा कुणी केरबा असेल, तर काही बदलण्याआधी त्याच्याशेजारी घटकाभर बसून घ्यावे.