अकरा पाठी, तेरा पिसं

त्या राज्याच्या मधोमध एक दरी होती, आणि ज्यांना पंख नव्हते त्यांना ती ओलांडायची तर हंसांच्या पाठीवर बसूनच ओलांडावी लागे. दुसरी वाट नव्हती. पाठ देणारे हंस अकरा होते. दिवसाआड सकाळी ते अलीकडच्या कड्यावरून उडत, एकेक हंस एकेकाला पाठीवर घेई आणि ऊन तापायच्या आत पलीकडे उतरवी. ज्याला पाठ हवी त्याने पावसाळाभर हंसांच्या घरट्यांना मऊ शेवाळ पुरवायचं, मग हंसांचा मुकादम, एक जुना हंस, त्याला एक पांढरं पीस देई. पीस मिळालं म्हणजे पाठ पक्की, असं सगळं रान धरून चालायचं.

आता पुढचं ऐका. पाठी अकरा, आणि मुकादम पिसं वाटायचा तेरा.

ही काही नजरचूक नव्हती. मुकादमाने वर्षानुवर्षं बारकाईने पाहिलं होतं की तेरा जणांना पिसं दिली तर कड्यावर अकराच पोचतात. कड्याकडे येणारी पायवाट करवंदीच्या जाळीतून जायची आणि जाळीत कोल्हा राहायचा. दोघांवर त्याचं भागायचं. उरले अकरा, म्हणजे सगळ्या पाठी भरल्या, एकही हंस रिकामा उडाला नाही. हे सांगताना मुकादमाला काडीची लाज वाटत नसे. रिकामी पाठ म्हणजे केवढी नासाडी, असं तो वर तोंड करून म्हणे. जाळीत पडलेली पिसं वेचून आणायला त्याने एक पाणकोंबडी ठेवली होती. ती पिसं धुऊन, वाळवून पुढच्यांना दिली जात. घेणाऱ्याने पीस हुंगून पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं, पण पीस मिळाल्याच्या आनंदात हुंगतंय कोण!

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी कोल्ह्याची दाढ सुजली. तीन दिवस तो जाळीत कण्हत पडून होता. आणि त्यातल्या एका सकाळी कड्यावर तेराच्या तेरा जण जिवंत हजर झाले.

मुकादमाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याने एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, पाणकोंबडीकडूनही मोजून घेतलं. एवढे सगळे जिवंत कसे, असं तो खरोखरच विचारत होता. समोर उभ्या असलेल्यांना आपण जिवंत आहोत याचा अपराध वाटावा, असा त्याचा सूर होता.

त्या तेरांत सोनकी नावाची एक चिचुंद्री होती. चिचुंद्री म्हटलं की लोक आधी नाक मुरडतात, मग बोलतात. तिला त्याची सवय होती. चिचुंद्र्यांना डोळे नावालाच, म्हणून त्या रांगेने चालतात. पुढचीची शेपटी मागचीच्या तोंडात, मागचीची तिच्याही मागचीच्या. पुढे वास घेत चालणारी कोणी नसेल तर ती रांग जागची हलत नाही. आणि त्यांची एक रीत आहे, दूध पितानाच शिकवलेली: आपली शेपटी कोणी धरली तर झटका द्यायचा नाही. धरणारी आपलीच असते. झटका दिला तर मागची अख्खी रांग तुटते.

सोनकीला अलीकडे दिली होती, तिची थोरली बहीण गेंदी पलीकडे राहायची. गेंदीला म्हातारपणी वास येईनासा झाला होता. पदरात चार लेकी, चौघी अजून टीचभर. पलीकडच्या माळावरचं गवत दर वर्षी पळस फुलून गेल्यावर सातव्या दिवशी दुपारी पेटायचं. कोण पेटवायचं ते कोणी विचारत नसे. पेटायचं एवढं खरं. दर वर्षी गेंदी आपली रांग घेऊन ओढ्यापर्यंत जायची, यंदा तिला ओढा कुठे आहे तेच कळत नव्हतं. तिने टिटवीबरोबर निरोप धाडला. सोनकीनेही उलट निरोप दिला की माझ्याकडे पीस आहे, सहाव्या दिवशी सकाळी मी पोचते, तू पोरींना घेऊन बिळाबाहेर येऊन थांब, मी शेपटी देते. टिटवी उत्तर घेऊन पलीकडे गेली ती तिकडेच अंड्यांवर बसली.

आणि हा सहावा दिवस होता.

सोनकी सगळ्यांच्या आधी, उजाडायच्या आत येऊन सातव्या हंसाच्या पाठीवर बसलेली होती. मुकादमाने घसा खाकरला. कोणी दोघांनी आपण होऊन मागे राहावं, त्यांना ओंजळभर जोंधळे आणि परवाची पाठ मिळेल, असं त्याने गोड आवाजात सांगितलं. बयाजी नावाचं एक मुंगूस लगेच उतरलं. त्याला पलीकडे काही घाईचं काम नव्हतं, आणि फुकटचं काही सोडायचं नाही हा त्याचा बाणा. एक जागा सुटली, ती लगेच भरली. दुसऱ्यासाठी मुकादमाने जोंधळ्यांच्या दोन ओंजळी केल्या, तीन केल्या. कोणी हललं नाही.

मग मुकादमाने पाठीपाठीवरून नजर फिरवली. ती नजर काय हिशेब करत होती ते न सांगताही सगळ्यांना कळत होतं. साळिंदराला हात लावायची सोय नव्हती. सशाचा मेहुणा दरबारात होता. खार चावली असती. माकडाने असा कालवा केला असता की दुसऱ्या दिवशी रानभर झालं असतं. नजर फिरत फिरत सातव्या हंसावर आली आणि थांबली.

त्याने सोनकीला उतरायला सांगितलं. सोनकी म्हणाली, मी सगळ्यांत आधी आले, माझ्याकडे पीस आहे. पीस सगळ्यांकडेच आहे, मुकादम म्हणाला. खरंच होतं ते.

"उद्या दुपारी गवत पेटतं, दादा," सोनकी म्हणाली. "माझी बहीण पोरींना घेऊन उघड्यावर थांबली आहे. तिला आता वास येत नाही."

"प्रत्येकाचं काही ना काही असतंच, बाई," मुकादम म्हणाला. आणि त्याने मान लांब केली, चोचीत तिची शेपटी धरली.

बाकीच्यांना वाटलं आता ही ओरडेल, पिसांना नखं रोवून बसेल. पण सोनकीचं अंगच सैल पडलं. जन्मात कधी परक्याने तिची शेपटी धरली नव्हती, आणि शेपटी धरल्यावर काय करायचं ते तिच्या हाडांना ठाऊक होतं. तिने झटका दिला नाही. ती मुकाट्याने पाठीवरून खाली आली, दगडावरून चार पावलं चालली, मुकादमाने सोडलं तिथे थांबली. मग भानावर आली. काय शिकवलं होतं आईने, आणि कोणाच्या कामी आलं!

"पाहिलंत ना," मुकादम सगळ्यांना म्हणाला, "आपल्या खुशीने उतरली."

दहा पाठींवर दहा जण बसलेले होते. सशाला आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसत होतं. माकड अंग खाजवत होतं. सोनकीच्या जागेवर झाडामागून आलेला एक गुबगुबीत बिजू बसला आणि हंस उडाले. त्या बिजूकडे पीस होतं की नव्हतं, हे कोणी पाहिलंच नाही. बसायचा राहिलेला तेरावा तोच असेल. तेव्हा ते पाहायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

पाणकोंबडीने वडाचं एक पान सोनकीपुढे केलं, शेजारी जोंधळे ठेवले आणि पानावर पंजा उमटवायला सांगितला. जोंधळे मिळाल्याची पोच आहे, म्हणाली. सोनकीला जोंधळे नको होते. पंजा उमटवला नाहीस तर परवाचीही पाठ मिळणार नाही, असं पाणकोंबडीने सांगितल्यावर तिने उमटवला. त्या पानावर काय लिहिलं होतं ते बयाजीला वाचता येत होतं. 'मी आपल्या खुशीने मागे राहत आहे, माझी कसलीही तक्रार नाही.' त्याच्याही पानावर तेच होतं, त्याच्या बाबतीत ते खरंही होतं, आणि त्याच्या तोंडात जोंधळे होते. तो चावत राहिला.

दुपारी कड्यावर बदकं उतरली. ती रोज संध्याकाळी पलीकडच्या तळ्यावर जात, पाठी रिकाम्याच असत. सोनकीने त्यांचे पाय धरले. बदकं वाईट नव्हती. तुझं वजन ते केवढं, म्हणाली, आनंदाने नेऊ, फक्त मुकादमाचा शब्द आण, दरीवर हुकूम हंसांचा चालतो. तोपर्यंत हंस परतले होते. सोनकी धावत मुकादमाकडे गेली. तो पंख साफ करत बसला होता. त्याने तिचं सगळं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, अगदी मान डोलावून.

"तशी रीत नाही, बाई," तो म्हणाला.

बदकांनी जरा वेळ वाट पाहिली आणि ती उडून गेली. अकरा बदकं, अकरा रिकाम्या पाठी. एक चिचुंद्री! चार तोळ्यांचा जीव!

सातव्या दिवशी दुपारी वारा पलीकडून आला. कड्यावर बसलेल्यांना फक्त निळसर धूर दिसला. तो दर वर्षी दिसतो, कोणी दोनदा पाहिलंही नाही. सोनकीला दिसत नव्हतं, तिला वास आला. ती कड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. बयाजी लांब बसून तिच्याकडे पाहत होता. एरवी मुंगसापुढून चिचुंद्री अशी चालत जाईल तर दोन घासांचं काम. त्या दिवशी तो उठलाच नाही. त्याच्यासमोर जोंधळे तसेच पडले होते.

आठव्या दिवशी दोघांना पाठी मिळाल्या. मुकादमाने स्वतः सोनकीला पाठीवर चढायला मदत केली आणि प्रवासात वारा लागू नये म्हणून एक पान पांघरायला दिलं. खोटं कशाला बोलायचं, त्याची वागणूक फार अदबीची होती.

पलीकडे माळ काळा पडला होता. पाय ठेवला की राख उडे आणि खाली अजून ऊब लागे. सोनकीने नाक जमिनीला लावलं आणि ती चालू लागली. बयाजी मागोमाग गेला, का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. ओळखीच्या खुणा जळून गेल्या होत्या, सोनकी चुकत होती, परत फिरत होती. तिला वाटत होतं की गेंदी कशीतरी ओढ्यापर्यंत पोचली असेल. वास गेला असला तरी थोरली होती ती, सोनकीला चालायला तिनेच शिकवलं होतं.

माळाच्या मधोमध पुरुषभर उंच दगडाची एक लाद उभी होती. एरवी गवत तिच्याही डोक्यावरून जात असे आणि जळल्या माळावर कोणी फिरकत नसे, म्हणून ती तिथे आहे हे रानात कोणाला माहीत नव्हतं. आंधळ्याला उघड्यावर थांबायचं तर टेकायला काहीतरी लागतं. गेंदी त्या लादीला पाठ लावून बसली होती. तिची शेपटी थोरल्या लेकीच्या तोंडात, थोरलीची मधलीच्या, तशा चौघी, लादीलाच टेकून. एकीनेही धरलेली शेपटी सोडली नव्हती. गेंदीचं तोंड उघडं होतं आणि पुढे वळलेलं होतं, कोणीतरी आता शेपटी देईल म्हणून.

सोनकीने तिला हुंगलं. मग ती वळली, गेंदीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि आपली शेपटी तिच्या तोंडाशी नेली. तशीच उभी राहिली. बराच वेळ.

बयाजीला पुढे व्हावंसं वाटेना आणि निघून जाववेनाही. शेवटी त्याने पाचही जणींना एकत्रच अलगद सरकवून राखेत बाजूला ठेवलं, रांग मोडू न देता. तेव्हा त्याला मागची लाद दिसली. कधीकाळी तिच्यावर तांबड्या रंगाने काही लिहिलं होतं. वरपासून खालपर्यंत दाट लिहिलं असावं. आता जवळजवळ सगळ्यावर यंदाची काजळी चढली होती.

"काय आहे तिथे?" सोनकीने विचारलं.

बयाजीने वाचलं.

"'पीस असताना मागे ठेवलेल्याला हंसांनी त्याच दिवशी, मिळेल त्या पंखावरून, पलीकडे पोचवावे.' खाली हंसांच्या पंजाची खूण आहे."

"आणि पुढे?"

पुढचं, वरचं, बाजूचं सगळं काळं होतं. पाच जणी जिथे टेकून बसल्या होत्या तेवढीच जागा पांढरी राहिली होती, आणि वाचता येत होतं ते तेवढंच.