मठासमोरचं रान

"मग मधमाश्या येणार तरी कधी, महाराज?"

सोमगीर महाराज मठाच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे उपळेकर साहेब रस्तेखात्यात झाडांचं काम बघायचे. घाटापासून मठापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांनी अस्सल देशी रोपं लावली होती, खास मधमाश्या-फुलपाखरांसाठी. आराखडा त्यांचा स्वतःचा, आणि त्याचं कौतुकही तेच करत. माणूस मनापासून राबला होता, हे मात्र खरं. पण एवढ्या लांबीत एक माशी फिरकेल तर शपथ! आणि उद्या मंत्री पाहणीला येणार होते.

"काय काय लावलंत?"

"तरवड, धायटी, निर्गुडी. सगळं इथलंच. पुण्याहून मागवलं."

"आणि आधी काय होतं तिथं?"

"काही नाही. नुसतं रान माजलं होतं. जेसीबीनं साफ करून घेतलं."

"कसलं रान?"

साहेब घुटमळले.

"तेच... तरवड, धायटी, निर्गुडी. पण वेडंवाकडं हो! आराखड्यात बसेना."

महाराज पुढची पाकळी सोलू लागले...

आता मठासमोरचा तेवढा तुकडा उरला होता. तिथली तरवडाची झुडपं पिवळीधमक फुलली होती आणि त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडाली होती. शेजारी जेसीबी इंजिन चालू ठेवून उभा होता. जागा मठाची, त्यामुळे महाराजांच्या होकारावाचून काम अडलं होतं.

"तुम्ही फक्त हो म्हणा," साहेब काकुळतीला आले. "एवढा तुकडा साफ झाला, तिथं रोपं लागली, की मधमाश्या येतीलच." कानाशी घोंघावणारी एक माशी त्यांनी वैतागून हाकलली.

महाराजांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. साहेबांच्या तोंडाकडे बराच वेळ टक लावून पाहिलं...

"मिशी झकास आहे तुमची."

साहेब तेवढ्यातही सुखावले. "आजोबांवर गेलीय."

महाराज पूर्वाश्रमीचे न्हावी. घर सोडलं, संसार सोडला, पण हत्यारांची धोकटी काही त्यांच्याच्यानं सुटली नव्हती. ती त्यांनी कोनाड्यातून काढली. साहेबांना काही कळायच्या आत त्यांच्या ओठांवर साबणाचा फेस होता आणि नाकाखाली वस्तरा.

"हे काय, महाराज?"

"साफ करून घेतो. मग तिथं अस्सल देशी मिशी लावू. सरळ रांगेत."

"अहो, पण ही देशीच आहे!"

"वेडीवाकडी आहे. हलू नका."

"माझी स्वतःची आहे! आपोआप आलीय!"

"तेच म्हणतो मी. माजलीय नुसती."

वस्तरा टेकला. साहेबांनी डोळे गच्च मिटले. जेसीबीवाल्याला हा तमाशा नीट ऐकायचा होता, म्हणून त्यानं इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. फक्त तरवडावरची गुणगुण...

"राहू द्या," फेसातून आवाज आला.

महाराज थांबले. वस्तरा मात्र तिथंच होता.

"दोन्ही राहू द्या."

महाराजांनी वस्तरा मिटला. खांद्यावरच्या पंच्यानं साहेबांचं तोंड पुसलं, अगदी आईनं पुसावं तसं. जेसीबी मागे सरकत निघून गेला.

साहेब बराच वेळ मिशी चाचपत बसले. मग त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

"पण महाराज, उद्या मंत्री इथं उभे राहून विचारतील, यात तुम्ही केलंत काय? मी काय दाखवू त्यांना?"

महाराजांनी लसणाचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

"मिशी दाखवा."