तोंडात चप्पल धरणारा कुत्रा

रान संपून गावाची शेतं जिथे सुरू होतात, तिथल्या जांभळाच्या झाडावर एक साळुंकी राहत असे. झाडाखाली द्वारकाबाईंचा निवारा होता. कुणी टाकून दिलेली, कुणाची हरवलेली, पाय मोडून पडलेली जनावरं त्या उचलून आणत. जागा होती जेमतेम दहाजणांची आणि राहत होते चाळीसजण! मांजरं घमेल्यात झोपत, पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपत, आणि जेवणाच्या वेळी असा गलका उठे की द्वारकाबाईंना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे.

दर रविवारी गावातली माणसं एखादं जनावर पाळायला न्यायला येत. साळुंकीला माणसांची बोली येत होती, म्हणून प्रत्येकाची ओळख करून द्यायचं काम तिच्याकडे होतं. बाळांनो, तिची जीभ इतकी गोड की विचारू नका! दूध पळवणाऱ्या मांजरीला ती "उपाशी राहील, पण तोंड लावणार नाही" म्हणायची. लंगड्या बोकडाला "जरा ऐटीत चालतो" म्हणायची. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. एकजण गेला की तेवढीच जागा मोकळी होईल, असा तिचा साधा हिशेब. पण नेलेली जनावरं आठवडाभरात परत येत, आणि ती का परत येतात याचा विचार करायला साळुंकीबाईंना बोलण्यातून सवड कुठे होती?

त्या निवाऱ्यात एक तांबडा कुत्रा होता. स्वभावाने लोण्याहून मऊ, पण भुंकण्यात पटाईत. माणूस दिसला की भुंके, कोंबडी दिसली की भुंके, पाचोळा उडाला तरी भुंके. साळुंकीने त्याला "अगदी मौनी हो!" असं सांगून एका मास्तरांच्या गळ्यात बांधलं. चौथ्या दिवशी मास्तर कानांत बोळे घालून त्याला परत घेऊन आले. मग तेच कौतुक सांगून तिने त्याला एका शिंप्याकडे पाठवलं. शिंपी दुसऱ्याच दिवशी तणतणत आला. "कुत्रा कसला, चप्पलचोर आहे हा! गिऱ्हाइकांच्या चपला तोंडात धरून बसतो!"

शिंपी गेल्यावर द्वारकाबाई पायरीवर बसल्या. "साळुंके, आता मी तरी काय करू गं? तिसऱ्यांदा परत आला, तर याला ओढ्यापलीकडे रानात सोडावं लागेल. पिल्लांना पाय टेकायला जागा नाही." एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ओढ्यापलीकडे बिबट्या होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साळुंकी फांदीवरून खाली उतरली आणि कुत्र्याला रागावून म्हणाली, "चपला कशाला रे चोरल्यास? मी तुझं एवढं कौतुक करून पाठवलं होतं!"

"चोरल्या नाहीत ताई," कुत्रा म्हणाला. "तू सांगितलंस ना, हा भुंकत नाही म्हणून. मग भुंकता येऊ नये म्हणून चप्पल तोंडात धरून बसलो. जबडा दुखेपर्यंत धरली. तू ज्या कुत्र्याचं कौतुक केलंस, तो मी नव्हेच. मग मला कोण ठेवून घेणार?"

आपल्या गोड बोलण्यापायी एक गरीब जीव बिबट्याच्या तोंडी जाणार, या विचाराने साळुंकीला दोन दिवस दाणा गोड लागला नाही.

पुढच्या रविवारी गावातली म्हातारी कुंभारीण तुळसाक्का काठी टेकत आली. तांबड्या कुत्र्यापाशी थांबून तिने विचारलं, "हा कसा आहे गं?"

साळुंकीच्या चोचीवर जुनं गोड वाक्य आलं होतं. तिने ते गिळलं. "आक्का, खरं सांगते. हा भुंकतो. माणसावर, शेळीवर, कोंबडीवर, पाचोळ्यावरसुद्धा. गप्प म्हणून बसत नाही. पण मनाचा फार चांगला आहे."

कुत्र्याने मान खाली घातली. द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला.

"पाचोळ्यावर पण?" तुळसाक्काचा चेहरा उजळला. "अगं, मग असाच पायजे मला! माझी ओली मडकी अंगणात वाळत पडलेली. मला दिसतंय अंधुक. शेळ्या येतात, कोंबड्या येतात, तुडवून जातात, आन् मला कळतं सगळा चुराडा झाल्यावर. पाचोळा चिकटला तरी मडक्यावर वळ उठतो. चल रे माझ्या राजा, भुंक पोटभर!"

ती त्याला घेऊन गेली. पण साळुंकीचा जीव थाऱ्यावर नव्हता. सोमवार गेला, मंगळवार गेला, ती सारखी वाटेकडे बघत होती. आणि पुढच्या रविवारी पाहते तो काय, तुळसाक्का काठी टेकत येते आहे, आणि सोबत तोच तांबडा कुत्रा! साळुंकी झपकन फांदीवरून खाली आली. "आणलास परत?" ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"परत कशाला आणू? याला सोडून मला करमायचं नाही," तुळसाक्का हसली आणि पदराखालून एक मातीचा पसरट परळ काढला. "तुमच्या जनावरांना पाणी प्यायला आणलाय. आठवडाभरात एक मडकं फुटू दिलं नाही यानं. हा परळ तेवढा भुंकायच्या नादात स्वतःच तुडवला. मी तसाच भाजला."

परळाच्या मधोमध कुत्र्याच्या पायाचा ठसा उमटला होता. कुत्र्याने वर बघून मनसोक्त भुंकून घेतलं, आणि या वेळी त्याच्या तोंडात चप्पल नव्हती. साळुंकीने सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या दिवसापासून ती प्रत्येकाचं खरं वर्णन करू लागली. जनावरं जरा उशिरा जाऊ लागली, पण गेलेलं एकही परत आलं नाही. हळूहळू निवाऱ्यात पिल्लांना पाय पसरून झोपण्याएवढी जागा झाली.

तात्पर्य : खोट्या कौतुकाने घर मिळतं, पण ते टिकत नाही; आपण जसे आहोत तसे ज्याला हवे असतो, त्याचंच घर आपलं.