तीनशे बारावं पान

"मग अक्कांना कुठलं यंत्र द्यायचं, महाराज? तेवढं सांगा, म्हणजे संध्याकाळपर्यंत कळवून टाकतो."

शंभूगीर महाराज मठाच्या ओट्यावर उन्हाला पाठ देऊन शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा त्यांचा शिष्य विश्वंभर. त्याने सतरंजीवर एक भलामोठा कागद पसरला. चारही कोपऱ्यांवर खडे ठेवले. कागदाच्या डाव्या अंगाला वाचणाऱ्यांचे प्रकार, उजव्या अंगाला ई-रीडरचे प्रकार, मधे रंगीत पेनाने काढलेले बाण.

विश्वंभर हुशार होता. हे त्याला कुणी सांगावं लागत नसे.

मठाचा एक जुना नियम होता. इथे जो जेवला, त्याने जेवणानंतर तासभर वाचायचं. गुरं राखणारा असो की गादीवरचा, सुटका कुणाचीच नाही. कोल्हापूरच्या एका भक्ताला हे फार आवडलं. मठातल्या बारा वाचणाऱ्यांना एकेक ई-रीडर देतो म्हणाला, कुणाला कुठला ते मात्र तुम्ही ठरवा. पहिले तीन ई-रीडर महिनाभरासाठी आले होते, वापरून बघायला. ते कुणाला द्यायचे, हे अर्थातच विश्वंभरने ठरवलं.

"काळसेकर मास्तरांना मोठ्या पडद्याचं दिलं," तो कागदावर बोट ठेवून सांगू लागला. "अक्षर हवं तेवढं वाढवता येतं. मोतीबिंदू काढल्यापासून पहिल्यांदा सलग तासभर वाचतायत."

"बरं."

"हणमंत पैलवानांची बोटं तुम्हाला ठाऊकच आहेत. पडद्याला लागली की एकदम चार पानं पुढे. त्यांना कडेला बटणं असलेलं दिलं. बटण दाबलं की एकच पान. खूश आहेत."

"बरं."

"आणि अक्कांना सगळ्यांत भारी दिलं. ओला हात लागला तरी बिघडत नाही, वजनाला हलकं, चुलीपुढच्या अंधारातही आतून उजेड. सगळ्या सूचनासुद्धा मराठीत करून दिल्या. आणि नेमकं त्यांनीच ते फडक्यात गुंडाळून परत पाठवलं!"

एक शेंग फुटली. दाणे सुपात पडले.

गिरजाक्का मठाचा स्वयंपाक करायच्या. वय साठीपुढचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाचनाच्या तासाला त्या भिंतीला टेकून नुसतं ऐकत बसत. विश्वंभरने त्यांना अक्षरं शिकवली. पाटावर पीठ पसरून, बोटाने गिरवून घेऊन. एस.टी.वरची पाटी त्यांनी पहिल्यांदा स्वतः वाचली, त्या दिवशी तो गावभर पेढे वाटत फिरला होता. भेटेल त्याला सांगायचा, 'साठाव्या वर्षी वाचायला शिकवलं मी.' त्यातला 'मी' जरा मोठ्याने निघायचा, पण आनंद खोटा नव्हता.

आणि आता तीन दिवस वाचनाच्या तासाला अक्का भांडी घासत बसत होत्या. नव्याने आलेली अक्षरं वापरली नाहीत की जातात, हे विश्वंभरला पक्कं माहीत होतं. दोन वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत मातीत जाणार, म्हणून त्याचा जीव खाली-वर होत होता. थोडा अपमानही वाटत होता, पण ते तो स्वतःशीसुद्धा कबूल करायला तयार नव्हता.

"अक्का काय म्हणाल्या?" महाराजांनी विचारलं.

"म्हणाल्या, मला डोकं नाही. वाचणं तुम्हा शिकल्यासवरल्यांचं काम."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, दुसरं मागवू. याहून चांगलं."

"त्या वाचतात कशा, ते बघितलंस?" महाराजांनी विचारलं.

"त्यात बघायचं काय, महाराज? पंचवीस यंत्रं पडताळून बघितली मी. पडदा, वजन, बॅटरी, उजेड..."

"पंचवीस यंत्रं बघितलीस."

"हो."

महाराजांनी आत तोंड करून हाक मारली, "अक्का, जरा बाहेर या."

अक्का पदराला हात पुसत आल्या. सतरंजीवर यंत्र गुंडाळलेलं आपलं फडकं दिसताच त्यांचा चेहरा उतरला.

"महाराज, भाकरी थापीन, पाणी भरीन. तेवढं एक नगं."

"वाचू नका. नुसतं उघडून दाखवा. रोज काय होतं ते मला बघायचंय."

अक्का खाली बसल्या. पोथीचं सोडावं तसं हलक्या हाताने फडकं सोडलं. यंत्र कपाळाला लावलं. मग उघडलं.

अक्का वाचत होत्या त्या कादंबरीच्या पानावर एक चौकट आली. अक्कांनी एकेका शब्दाखाली बोट ठेवत ती मोठ्याने वाचली.

"दुसऱ्या... यंत्रावर... तुम्ही... पान... तीनशे बारा... पर्यंत... वाचले... आहे. तिथे... जायचे... का?"

खाली दोन शब्द होते. 'हो' आणि 'नाही'.

"व्हय," अक्का यंत्राला अदबीने म्हणाल्या आणि त्यांनी 'हो'वर बोट टेकवलं.

"अहो थांबा!" विश्वंभर ओरडला. पण पान गेलं होतं. "हो का म्हणालात, अक्का?"

"आता बघा! रोज इतकं अदबीनं इचारतंय, त्याला न्हाई कसं म्हणायचं? दारात आलेल्याला आपण न्हाई म्हणतो व्हय?"

महाराजांच्या मिशीत काहीतरी हललं.

"मग पुढं काय होतं?"

"काय व्हायचंय, महाराज! गोष्टीतल्या सगुणाला म्या इहिरीवर सोडली हुती. धडा सरला, तरी पुढल्या दोन वळी वाचल्या आन मगच मिटलं."

अध्याय संपला म्हणून तिथेच पोथी मिटायची नाही, पुढच्या अध्यायाच्या दोन ओव्या वाचून मग मिटायची, ही मठातली रीत. अक्कांनी ती कादंबरीलाही लावली होती.

"सगुणानं दोर हातात घेतला, आन मागनं कुणीतरी हाक मारली. तितं मिटलं. दुसऱ्या दिशी उघडते, तर सगुणाचं तेरावं! पंगती बसल्यात. तिच्या तान्ह्या पोराला मिशा फुटल्यात!"

"मग तुम्हाला काय वाटलं?"

"वाटायचंय काय? ते म्हणतंय, तुमी वाचलंय. शिकलेलं यंत्र, ते कशाला खोटं बोलंल? म्हंजी वाचलंय म्याच, आन इसरलेय बी म्याच. उलटं गेले, पुन्यांदा वाचाया लागले, तर दुसऱ्या दिशी पुन्यांदा तेच." अक्कांनी फडकं पुन्हा जवळ ओढलं. "वाचल्यालं एक रात टिकत नसंल, तर ह्या पोरानं दोन वर्सं माज्यापायी का घालवावी..."

विश्वंभरचे कान तापले.

हुशार माणसाला आपली चूक कळायला वेळ लागत नाही, आणि त्याला ती कळली. तिन्ही यंत्रं त्याने स्वतःच्याच नावावर जोडली होती. स्वतःचं चौथं. अक्कांना मधूनमधून प्रश्न विचारता यावेत म्हणून त्यांची कादंबरी त्यानेही वाचायला घेतली होती. दोन बैठकींत तीनशे बारा पानं. हा पराक्रम त्याने पैलवानांना दोनदा ऐकवला होता.

"अक्का... ती पानं मी वाचली होती."

"काय?"

"तीनशे बारा पानं. मी. तुम्ही नाही. सगळी यंत्रं माझ्या नावाला बांधली होती. मी जिथे पोचायचो, तिथे ते तुम्हाला ओढून न्यायचं."

अक्कांनी यंत्राकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"म्हंजी म्या इसरले न्हाई?"

"नाही."

"मधलं वाचलंच न्हाई म्या?"

"नाही, अक्का. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. चूक माझी. माझी एकट्याची."

अक्का आधी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावला. मग पदराआडून म्हणाल्या, "तीन दिस डोळ्याला डोळा न्हाई माज्या, अरं बाबा!"

विश्वंभरने यंत्र घेतलं. काम पाच मिनिटांचं होतं. आपलं नाव काढलं, अक्कांचं घातलं. अक्कांना धडा विचारून पान एक्केचाळीसवर आणलं आणि ते परत दिलं.

अक्कांनी वरच्या कोपऱ्यात वाचलं. "गिरजाबाई." पुन्हा वाचलं. छापलेलं आपलं नाव त्यांनी रेशनकार्डाबाहेर कधी बघितलं नव्हतं.

मग बोट खाली आलं. दोर होता. विहीर होती. सगुणा जिवंत होती.

"हितंच!" अक्का खुलल्या. "हितंच सोडलीती म्या." मग काहीतरी आठवून त्यांनी मान वर केली. "तुमी सगळं वाचलंय न्हवं? मग सांगा की. तिला हाक कुणी मारली?"

विश्वंभरने तोंड उघडलं.

त्याला कोर्टातला खटला आठवत होता. तेरावं आठवत होतं. मुलाची नोकरी आठवत होती. विहीरही होती खरी कुठेतरी...

"नवऱ्याने," तो म्हणाला. "नाही... सासूने असेल. किंवा..."

महाराजांचे हात थांबले होते.

"आठवत नाही," विश्वंभर म्हणाला.

"असू द्या," अक्का मायेने म्हणाल्या. "म्या वाचून सांगते तुमास्नी."

यात टोमणा नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

महाराजांनी हात पुढे केला. "तुझी पाटी दे इकडं."

विश्वंभरने आपलं यंत्र त्यांच्या हातात दिलं. तीनशे बारावं पान उघडलेलं होतं. महाराजांनी अंगठ्याने एक पान मागे घेतलं. तीनशे अकरा. मग आणखी एक. तीनशे दहा.

"महाराज, नुसता आकडा टाकला की एका क्षणात..."

महाराजांनी मान डोलावली. आणि आणखी एक पान मागे घेतलं.

तीनशे नऊ. तीनशे आठ...

विश्वंभर चुळबुळला. कागदावरचा एक खडा उचलून त्याने पुन्हा जागच्या जागी ठेवला. अक्का बोट ओळीखाली ठेवून शांत बसल्या होत्या. त्यांना कसलीच घाई नव्हती.

अडीचशेच्या सुमाराला एक पत्र गेलं. कुणी कुणाला लिहिलं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. दोनशेच्या अलीकडे चिंचेखाली दोन बाया रडत होत्या. का रडत होत्या? पान गेलं. तो थोडा पुढे सरकला. दीडशेला पोचेपर्यंत तो महाराजांच्या खांद्याशी वाकून बसला होता, आणि पान जरा लवकर गेलं की नकळत "थांबा, थांबा" म्हणत होता.

महाराज थांबत नव्हते.

ऊन ओट्याची एक पायरी उतरलं. मास्तर येऊन बघून गेले. एक्केचाळिसावं पान आलं.

महाराजांनी यंत्र परत दिलं आणि सूप पुढे ओढलं.

विश्वंभरने कागदावरचे खडे काढले आणि त्याची घडी घातली. कोल्हापूरला आज काही कळवता येणार नव्हतं. नऊ माणसं उरली होती आणि त्यांतल्या एकालाही त्याने वाचताना नीट बघितलेलं नव्हतं. आश्चर्य म्हणजे या गोष्टीचा त्याला जाच वाटेना. उद्यापासून वाचनाच्या तासाला कुणाच्या शेजारी बसायचं, याचाच विचार त्याच्या मनात सुरू झाला होता.

पण आज तो अक्कांच्या शेजारी सरकला. शेजारी अक्कांचं वाचणं सुरूही झालं होतं. "स... गुणानं... दोर..."

त्याची नजर सवयीने ओळीच्या टोकाला पळाली. त्याने ती मागे आणली.

"आज कुठपर्यंत वाचू, महाराज?"

महाराजांनी एक शेंग उचलली.

"अक्का पान उलटतील, तेव्हा उलट."