पानावरचा हात

"मग ह्याला घरी पाठवायचं की नाही, बुवा?"

यदुनाथनं इचारलं. सप्त्याची पंगत नुकतीच उठलीवती. खिरीची बादली उताणी पडलेली, आन सरपंच पायावर गार पाणी वतत बसलेले.

लक्ष्मणगीरबुवा सुपारी कातरत व्हते. मठ त्यांचा. यदुनाथ त्यांचा थोरला चेला, एम.ए. झालेला. ही गोष्ट त्यो कुणाला इसरू देत न्हाई.

"ह्याला" म्हंजे रेवणला. तिशीचा गडी, पर तोंडातनं सबूद न्हाई. आई गेल्यापास्नं मठातच. बिथरला की हाताला घावंल ते फेकतो, न्हाईतर सोताचंच मनगट चावतो.

"डॉक्टरीणबाई काय म्हणल्यावत्या?" बुवांनी इचारलं.

"स्वमग्न आहे म्हणाल्या. सांगता येत नाही म्हणून फेकतो. सांगायला एक खूण शिकवा, फेकणं कमी होईल."

"मग? शिकिवलीस?"

"पुरे झालं की पानावर हात आडवा धरायचा. सगळा हिवाळा घातला मी त्यात. शिकला."

"आज धरला हात?"

"धरला."

"आन तू?"

यदुनाथ खाली पडलेली पळी उचलाय वाकला.

"सणाची खीर, बुवा. प्रसाद. पळीभर वाढली."

"त्यानं परत धरला?"

"...धरला. मी आणखी वाढली. नको म्हणणाऱ्यालाच तर आग्रह करतात."

आता ह्ये खरं हाय. यदुनाथचा आग्रह साऱ्या पंचक्रोशीत गाजलेला. त्याच्या हातचं जेवलेला माणूस भिताडाला धरून उठतो.

"मग बादली उडाली," यदुनाथ म्हणला. "शिकवून उपयोग नाही त्याला. ह्याचा चुलता टमटम घेऊन दाराशी उभा आहे. गोठ्याशेजारी खोली आहे म्हणतो, बाहेरून कडी लागते."

...

बुवांनी अडकित्ता खाली ठिवला.

"तू जेवलास?"

"वाढपी शेवटी बसतो."

"बस."

बुवांनी सोता पत्रावळ मांडली. भात वाढला, आमटी वाढली. यदुनाथ पोटभर जेवला. मग बुवा आतनं उरलेली खीर घिऊन आले.

एक पळी झाली.

"पुरे, बुवा."

दुसरी पळी.

"खरंच नको."

तिसरी. खीर भातात, भात आमटीत, आमटी खिरीत. यदुनाथनं पानावर दोन्ही हात आडवे धरले.

बुवांनी हातावरच वतली.

"घ्ये रं. सणाचं हाय."

"बुवा, नको ना..."

"तुला काय कळतंय. घ्ये."

पळी परत भरली तसा यदुनाथचा हात उडाला. पळी जाऊन समईवर आदळली. समई आडवी, त्याल फरशीवर.

रेवण खांबाला टेकून बघत व्हता. मग बघायचंबी सोडून त्यो पत्रावळीची एक काडी मोडत बसला.

"मी नको म्हणत होतो," यदुनाथ म्हणला. "हात धरला होता ना मी."

"व्हय का? मला वाटलं, लाजतोयस."

...

यदुनाथच्या बोटांवरनं खीर गळत व्हती. त्यानं ती पुसली न्हाई. भाईर टमटमवाल्यानं भोंगा वाजिवला. एकदा, मग आनी एकदा.

"चुलत्याला काय सांगू?" यदुनाथनं हळूच इचारलं.

बुवा वाकून समई उभी करत व्हते.

"माघारी जा म्हणावं. वाढपी बदललाय."